हेडविकाबाईंची पात

हेडविकाबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडे. मी कचेरीत रुजू व्हायला आले होते आणि बाहेरचे बूट घालून तशीच आत निघाले होते. त्यांनी दारातच अडवलं, "सपाता आणल्या नाहीत?" म्हणून विचारलं, आणि कपाटातून अंगठ्याला भोक पडलेला एक जोड काढून माझ्यापुढं टाकला. पहिल्या दिवशी मला मनातून भारी राग आला. त्या सपाता मात्र मी झिजून फाटेपर्यंत वापरल्या.

मी चेक देशातल्या ओलोमोउत्सची सून. संस्कृतची पदवी घेऊन इथं आले, आणि ह्या पदवीचं इथं करायचं काय ह्याची काळजी माझ्यापेक्षा सासूबाईंना जास्त. शेवटी त्यांनीच कुणाकडून तरी ऐकलं की गावात एक कोशाचं काम चाललंय आणि तिथं संस्कृत जाणणारं माणूस हवंय. चाललंय कसलं, रांगत होतं. चेक, पोलिश, रशियन, सर्बियन ह्या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, त्या भाषेचा तो कोश. ती बोलणारी माणसं काही लिहून ठेवत नव्हती, त्यामुळं तिचा शब्द जसाच्या तसा कुठं सापडत नाही. आजच्या लेकीनातींची तोंडं शेजारी शेजारी ठेवून आजीचा चेहरा जुळवायचा, असलं ते काम. जुळवलेल्या शब्दाच्या आधी एक चांदणी छापतात. ती आमची कबुली असते, की बाबांनो, हा कुणी लिहिलेला नाही, आम्ही आमच्या अकलेनं उभा केलाय. माझ्याकडं शब्दांचे पूर्वेकडचे, म्हणजे संस्कृतातले, नातेवाईक शोधायचं काम होतं.

कोश लिहिणारे चौघं होते आणि त्यांना एकच नियम होता. वर्णक्रमानं शब्द येईल तसा तो पाळीपाळीनं पुढच्या टेबलावर जायचा. निवडायचं नाही आणि अदलाबदल करायची नाही. पहिल्या प्रमुखांनी हा नियम टंकून भिंतीला लावला होता, कारण सुरुवातीला म्हणे प्रत्येकाला 'देव' आणि 'भाऊ' हवे होते आणि उपसर्गांकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. प्रमुख गेले, नवे आले, भिंतीला दोनदा रंग दिला, पण कागद पुन्हा तिथंच लागला.

हेडविकाबाई ह्या कोशात 'ब'पासून होत्या. त्या आल्या त्या एका शब्दासाठी, आणि तो शब्द होता 'झ'मध्ये. ह्या लोकांच्या वर्णमालेत झ अगदी शेवटी येतो. म्हणजे पंगतीला पहिल्या पानावर बसून शेवटी येणाऱ्या जिलबीची वाट बघायची, आणि तोवर तरुणपण, लग्न, चष्मा, गुडघेदुखी सगळं होऊन जायचं.

तो शब्द 'झेंती'. म्हणजे कापणं, पण वाटेल ते कापणं नाही. उभं पीक मुठीत धरून विळ्यानं कापायचं. माझ्या माहेरी त्याला सोंगणी म्हणतात. ह्याची रूपं चालवायची तर 'झिनों', 'झिनेशी', 'झिनेतु' अशी चालतात: मी कापते, तू कापतेस, ती कापते. हा धातू घेऊन आणखी मागं गेलं की कापणं सुटतं आणि नुसतं मारणं उरतं. संस्कृतातला 'हन्ति' त्याचा सख्खा नातेवाईक. आपलं 'हाणणं' त्याच घरचं आणि लोहाराचा घणही. पलीकडं लिथुआनियात त्याच धातूनं झाडाच्या फांद्या छाटतात. इथल्यांनी तेच हाणणं शेतात नेलं आणि त्याची भाकरी केली, ह्याचं मला फार कौतुक वाटतं.

हाणण्याचं मी हेडविकाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दुपारी आईला फोन लावला. आई, म्हणजे रोझीनाआजी, डोंगरातल्या यावोरी गावात एकटी राहायची. तिला ह्यात काही नवल वाटलं नाही. दिवसभर कापणी करून बघा, म्हणाली, पाठीत कुणीतरी हाणल्यासारखंच होतं.

यावोरीची शेतं इतकी उतरणीची, की तिथं लांब दांड्याचं मोठं कोयतं फिरवायला माणूस उभा राहू शकत नाही. खाली सपाटीवर कधीच यंत्रं आली, पण यावोरीत बायका आपल्या विळ्यानंच राय, म्हणजे गव्हासारखं तिकडचं धान्य, कापायच्या. ओळीनं उभ्या राहायच्या, प्रत्येकीची एक पात. नवख्या पोरीला बांधाकडची शेवटची पात मिळायची, म्हणजे ती मागं राहिली तरी कुणाचा खोळंबा होत नाही. हेडविकाबाईंचे वडील झाड अंगावर पडून लवकर गेले. पोर लहान असताना पाण्याची कळशी घेऊन बायकांच्या मागून फिरायची आणि सारखी आईच्या मागं लागायची, मला पात दे. एका सालच्या कापणीला आईनं कबूल केलं, पुढच्या वर्षी देते. पुढच्या वर्षी सरकारनं सगळ्यांचे बांध मोडून शेतं एक केली, जिथं यंत्र चढेल तिथं यंत्र चढवलं, चढणार नाही तिथं पाइनची झाडं लावली. पात राहून गेली ती गेलीच. पोरीला वसतिगृहात पाठवलं, पुढं ती विद्यापीठात आली, आणि तिथं एके दिवशी मास्तरांनी फळ्यावर चांदणी काढून तिच्यापुढं 'झेंती' लिहिला. हेडविकाबाई सांगतात, की आईच्या तोंडचा शब्द एवढा जुना निघाला ते बघून त्यांना वर्गात रडू फुटलं. त्या वेळी शेजारच्या पोरानं रुमाल दिला. तो पोरगा म्हणजे विलेम. पुढं रेल्वेत लागला आणि त्यांचा नवरा झाला. गरीब स्वभावाचा माणूस, काकड्यांचं लोणचं सुरेख घालतो.

कोशात लागल्यावर त्यांनी आईला सांगितलं, तुझा शब्द मी लिहीन. झालं. तेव्हापासून दर रविवारी फोनवर म्हातारीचा पहिला प्रश्न ठरलेला: कुठवर आलात? सगळं यावोरी त्यात सामील. दारूच्या गुत्त्यात चौकशी व्हायची, हेडविकाची लोकं कुठल्या अक्षरावर आहेत. 'प' सुरू झाला तेव्हा तर कहर झाला. ह्या भाषांमध्ये प म्हणजे मारुतीचं शेपूट. म्हातारी चिडायची, अजून पच का, म्हणायची, तुम्ही तिथं काम करता की कॉफी पिता? खरं सांगायचं तर दोन्ही करत होतो.

आता कोउत्नीसाहेबांचं सांगितलं पाहिजे. ओत्मार कोउत्नी चौघांतले सगळ्यात जुने. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही टाय लावणारे. कँटीनच्या फळ्यावरच्या शुद्धलेखनाच्या चुका स्वतःच्या खडूनं दुरुस्त करायचे. त्यांची कामाची एक तऱ्हा होती. जी वस्तू डोळ्यांनी पाहिली नाही तिच्यावर एक ओळ लिहायची नाही. 'चाक' लिहायचं होतं तेव्हा चाकं घडवणारा म्हातारा शोधत ते स्लोव्हाकियात गेले होते. आणि खोटं बोलायचं नाही. कुणाच्या वाढदिवसाचा केक बिघडला तरी "छान झालाय" म्हणायचे नाहीत, "अंडी जास्त पडली" म्हणायचे. असा माणूस शेजारी असला की जेवण अंगी लागत नाही.

त्यांच्यात आणि हेडविकाबाईंमध्ये एक जुनी मधमाशी होती. कोउत्नींचे वडील मधमाश्या पाळायचे. 'ब'मधला मधमाशीचा शब्द यायचा होता, आणि कोउत्नी त्याच्यासाठी वाट बघत होते. पाळी आली नव्या पोरीची. कोउत्नींनी आपला स्वभाव गुंडाळून ठेवून तिला विचारलं, मला द्याल का? हेडविकाबाई तेव्हा नव्या आणि ताठ्यात होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. कोउत्नी "बरोबर आहे" म्हणाले आणि आपल्या टेबलावर जाऊन बसले. त्यानंतर मधमाशीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. कुणी मध दिला तरी घ्यायचे नाहीत.

तर अखेर 'झ' लागला. हेडविकाबाईंची पेन्शन त्याच वर्षअखेर होती, आणि म्हातारीला एक्याण्णवावं चालू होतं. खणातले शब्दांच्या टिपणांचे पत्ते मोजून मोजून कुणाची पाळी ते त्यांना आधीच कळलं होतं, तरी ज्या दिवशी वाटप झालं त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवला नाही. 'कापणे' गेला कोउत्नींकडं. त्याच रूपाचा दुसरा एक 'झेंती' आहे, पिळण्याचा, तो तिसऱ्याकडं गेला. आणि हेडविकाबाईंच्या वाट्याला आला 'पातळ, पाणीदार' ह्या अर्थाचा शब्द. आयुष्यभर जिलबीची वाट बघितली आणि पानात पडलं ते सार.

दोन दिवस त्यांनी 'पातळ'चे पत्ते लावले. तिसऱ्या दिवशी कॉफीचा पेला घेऊन कोउत्नींच्या टेबलाशी गेल्या आणि मी ऐकत असतानाच म्हणाल्या, "कोउत्नीसाहेब, तुम्हाला माहीत आहे मी काय मागायला आलेय."

"माहीत आहे," कोउत्नी म्हणाले. त्यांनी भिंतीकडं बघितलंही नाही. "हा नियम मला तुम्हीच बोट करून दाखवला होता, हेडविकाबाई."

हेडविकाबाई पेला घेऊन मागं वळल्या. फेडावं लागतं ते असं. मला कोउत्नींचा संताप आला, पण न्याय त्यांच्या बाजूनं होता. तेवढ्यामुळं संताप दुप्पट झाला. हेडविकाबाई माझ्याकडं येऊन एवढंच म्हणाल्या, की आईला ह्यातलं काही कळता कामा नये. मी तिला "येतोय" म्हणूनच सांगणार आहे, तूही तेच सांग.

पण गंमत बघा. कोउत्नींच्याच तऱ्हेनं त्यांना अडचणीत आणलं. विळ्यानं राय कापताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहता ते लिहिणार नव्हते. आमच्या टापूत ते बघायला मिळतं फक्त यावोरीत. तिथले लोक ऑगस्टात हौसेनं एका उतरणीवर जुन्यासारखी राय पेरून जुन्यासारखी कापतात, वर बियर पितात आणि रात्रीपर्यंत नाचतात. हेडविकाबाई दर वर्षी सगळ्या कचेरीला बोलवायच्या. मी जायची, कोउत्नी कधी आले नव्हते. ह्या वर्षी त्यांनीच येऊन विचारलं, मी आलो तर चालेल का. हेडविकाबाईंच्या मनात काय आलं असेल ते असो, पण पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. या म्हणाल्या, टोपी घाला, ऊन असतं.

शनिवारी आम्ही रेल्वेनं आणि मग बसनं गेलो. कोउत्नींच्या बॅगेत मोजपट्टी होती. पोचल्यापोचल्या त्यांनी एका बाईच्या हातातला विळा मागून घेतला, त्याचं वाकण मोजलं, पात्यावर बोट फिरवून दाते बघितले. मग धोतराएवढ्या रुंद पांढऱ्या एप्रनमधल्या त्या बायका ओळीनं वाकल्या, डाव्या मुठीत ताटं धरून उजवा हात आपल्याकडं ओढायला लागल्या, आणि कोउत्नी शेताच्या कडेनं त्यांच्याबरोबर सरकत राहिले. मला वाटतं, त्यांना ते फार आवडलं होतं. चेहऱ्यावर न दाखवायची त्यांना सवयच होती.

रोझीनाआजीला पेअरच्या झाडाखाली खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर तिचा स्वतःचा विळा. ती आता कापत नव्हती, पण तिच्याशिवाय कुणी सुरुवात करत नव्हतं. यावोरीत एक रीत आहे. कापणीच्या शेतात जो पहिल्यांदाच पाय ठेवतो त्याला कापणाऱ्यांतली सगळ्यात वडील बाई काडाच्या दोरीनं बांधते, आणि ती मागेल तो दंड दिल्याशिवाय सोडत नाही. बहुधा बाटलीवर भागतं. मला बांधलं होतं तेव्हा गाणं मागितलं होतं. मी घाबरून गणपतीची आरती म्हटली, आणि सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरल्यावर थांबावं कुठं ते कळेना, म्हणून देवीचीही म्हटली.

कोउत्नींना ही रीत कागदावर माहीत होती. म्हातारीनं बोलावलं तसे ते टोपी काढून समोर जाऊन उभे राहिले आणि आपणहून दोन्ही हात पुढं केले. चक्क खुशीत दिसत होते. आजीनं मूठभर काडं घेतली, पीळ घातला, आणि संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांच्या मनगटांवर गाठ मारली. बायका विळे खाली टाकून भोवती जमल्या. हेडविकाबाई सुकवलेल्या आलुबुखाराच्या सारणाची मोठी पोळी परातीत घेऊन येत होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"कोण तुम्ही? काय करता?" आजीनं विचारलं.

कोउत्नींनी सांगितलं, मी हेडविकाबाईंच्याच कचेरीत असतो.

म्हातारी खुर्चीत पुढं सरकली. "मग बाटली नको मला. तसंही डॉक्टरनं माझी दारू तोडलीय. एक विचारते, तेवढं खरं सांगा. आमचा शब्द आला का?"

बायका हसल्या, त्यांना ती नेहमीची थट्टा वाटली. पण म्हातारी हसत नव्हती. ती सांगत होती, की ही दर रविवारी "येतोय, येतोय" म्हणते. आधी सांगताना हिचा आवाज हसरा असायचा, उन्हाळा लागल्यापासून नुसतीच "येतोय" म्हणते आणि हवापाण्याचं बोलते. मी काही कायमची बसून राहणार नाही. शब्द दुसरीकडं गेला असला तर तसं सांगा, मी रडायची नाही.

कोउत्नींनी हेडविकाबाईंकडं बघितलं. हेडविकाबाई परातीतल्या पोळीकडं बघत होत्या. त्यांची मान अशी खाली गेलेली मी एवढ्या वर्षांत पाहिली नव्हती. कोउत्नींना ठाऊकच नव्हतं की शब्द मागण्यामागं ही म्हातारी आहे. त्यांना वाटलं होतं, आपल्यासारखीच एक हौस. त्यांनी बांधलेल्या हातांकडं बघितलं, आणि बोलायला इतका वेळ लावला की मला वाटलं, आता हा माणूस नियम सांगणार.

"आला, आजी," ते म्हणाले. "हेडविकाबाईंच्याच टेबलावर आहे. त्याच लिहितायत."

"मग मला बोलली का नाही?"

"आमच्याकडं अर्धं काम घरी दाखवायची पद्धत नाही."

आजीनं त्यांच्याकडं टक लावून बघितलं. मग गाठ सोडली आणि ती काडाची दोरी फेकून न देता आपल्या एप्रनच्या खिशात घातली. लेकीला म्हणाली, त्या माणसाला पोळी दे, किती वाळलाय. कोउत्नींनी पोळी खाल्ली. कशी झालीय म्हणून कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

परतीच्या गाडीत हेडविकाबाई खिडकीबाहेर बघत रागानं लालबुंद झाल्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, एवढं खोटं तर मीही बोलू शकत होते, त्यासाठी त्याला कशाला तिथवर न्यायला हवं होतं. आणि आता आई विचारेल, कुठवर लिहिलंस, तेव्हा काय सांगू? त्यांचं चुकत नव्हतं.

सोमवारी मी कचेरीत पोचले तेव्हा कोउत्नी आधीच आलेले होते. 'झेंती'चे सगळे पत्ते भरलेला खण त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आणला आणि हेडविकाबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यावर स्वतःची विळ्याची मापंही ठेवली. हेडविकाबाई सपाता बदलत होत्या, एक पाय तसाच हवेत राहिला.

"शनिवारी मी एक विधान केलं," कोउत्नी म्हणाले. "ते खरं असायला हवं."

"आणि नियम?"

"नियम मी मोडला. प्रमुखांना तसं सांगून आलो. 'पातळ' मला द्या. पातळ सूप रोज कँटीनमध्ये बघतो, कुठं जायला नको."

हेडविकाबाईंनी पाय सपातेत घातला. मग म्हणाल्या, त्या मधमाशीच्या वेळी मी फार वाईट वागले. कोउत्नी म्हणाले, मधमाशी छापून झाली. आणि जाता जाता मागं न वळता पुढं म्हणाले, चांगली लिहिली होती तुम्ही, मी अजून वाचतो. त्या दिवशी दुपारच्या चहात त्यांनी मध घेतला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग हेडविकाबाई लिहायला बसल्या, आणि पुढचे दोनअडीच महिने त्यांनी आम्हा सगळ्यांना जीव नकोसा केला. मला संस्कृतच्या रूपांसाठी इतक्या वेळा उठवलं, की 'हन्ति, हतः, घ्नन्ति' मी झोपेत बडबडायला लागले. 'झेंती'चं शेवटचं रूप 'झिनोंतु', ते कापतात, आणि आपलं 'घ्नन्ति', ते मारतात, ही दोन शेजारी शेजारी म्हणून बघितली तेव्हा त्या हसल्या. कुठल्या तरी एका अंगणात ही दोघं एकत्र खेळली असणार, म्हणाल्या. घरी विलेमनं ह्या काळात एकट्यानं लोणचं घातलं, पहिल्यांदाच खारट झालं, आणि त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं.

छापून यायला आणखी दीड-दोन वर्षं लागणार होती. तेवढं थांबण्यात अर्थ नव्हता. नोव्हेंबरात टंकून झालेली पानं घेऊन त्या यावोरीला निघाल्या आणि मलाही बरोबर ओढलं. माझा आवाज ऐन वेळी दगा देईल, म्हणाल्या, तू असलीस म्हणजे पुढं वाचशील.

रोझीनाआजी तोवर अंथरुणाला लागली होती. दुखणं असं काही नव्हतं, पाय चालेनासे झाले होते. शेगडीजवळ पलंग ओढून घेतला होता, शेगडीवर आंबट कोबीचं सूप ठेवलेलं. पलंगाच्या उशाशी खिळ्याला ती ऑगस्टातली काडाची दोरी टांगलेली होती. आम्ही गेल्यावर तिनं आधी आम्हाला जेवू घातलं. मग हात पुसून घेतले आणि डोळे मिटून म्हणाली, हं.

हेडविकाबाईंनी चष्मा लावला आणि शब्द वाचला. आधीची चांदणी बोटानं दाखवली, ती कशाची ते सांगितलं, की हा कुणी लिहून ठेवला नव्हता. म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, लिहीत कोण बसणार, कापायचं होतं. मग रूपं सुरू झाली. "झिनों" ऐकल्याबरोबर तिनं कपाळाला आठ्या घातल्या. नाकात का बोलतेस, सर्दी झालीय का? हेडविकाबाईंनी सांगितलं, पूर्वी तसं नाकातून बोलायचे. बरं, म्हणाली, पूर्वी शेतं गार असायची.

मी कापते. तू कापतेस. ती कापते. म्हातारी प्रत्येकाला मान हलवत होती. हेडविकाबाई पुढचं रूप म्हणाल्या, "झिनेमु, आम्ही कापतो," आणि म्हातारीनं हात वर केला.

"थांब. आम्ही म्हणजे फ्रान्त्सिश्का. तिच्यापलीकडं वेरूना. मग सुताराची थोरली, मग मी."

त्यातली एकही आता नव्हती, हे मला माहीत होतं. ती नावं तिनं घाई न करता घेतली, जशी ती शेतात उभी असायची त्या क्रमानं. हेडविकाबाईंनी पानं मांडीवर ठेवली.

"आणि बांधाकडच्या पातीवर कोण असायचं, आई?"

"कुणी नाही," म्हातारी म्हणाली. "ती तुझी होती. पुढच्या वर्षी देते म्हटलं होतं ना."

हेडविकाबाईंनी चष्मा काढला. विलेमचा रुमाल बहुतेक घरी राहिला होता, म्हणून मी माझा दिला. म्हातारीनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं उशाशी हात नेऊन खिळ्यावरची दोरी काढली, लेकीचे दोन्ही हात जवळ ओढले आणि मनगटांवर गाठ मारायला लागली. काडं वाळून कडक झाली होती, दोनतीन मोडली. गाठ काही नीट बसेना. मी मदतीला पुढं झाले तर मला हातानं बाजूला सारलं. आज पहिल्यांदा आलीस पातीवर, म्हणाली. रीत म्हणजे रीत.

"दंड काय?" हेडविकाबाईंनी विचारलं. आवाज अगदी लहान पोरीसारखा निघाला.

"परत वाच," आजी म्हणाली. "पहिल्यापासून. आणि ह्या वेळी सावकाश, मला तुझ्या शेजारी राहता आलं पाहिजे."